गाडीचा सुतार

वकिलांनी हात वर करून तिला मध्येच थांबवलं आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावलं.

कौशल्याने घसा खाकरला. “माजं मालक मालकांच्या मोटारीचं सुतारकाम करत हुतं, आन् त्याच्या बदल्यात मालक मालकांना...”

“बाई, कोण मालक?” वकिलांनी टाक खाली ठेवला. “नवराही मालक आणि गाडीवालाही मालक. कोर्टाने समजायचं काय? अर्ध्या तासात आपला पुकारा होईल.”

भिंतीला टेकून बसलेल्या आक्काबाईने, तिच्या सासूने, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. “सरळ चिमाजी म्हन की. माजा ल्योक हाय, मी सांगत्ये. मेलेल्या मानसाला काय राग यायचाय?”

कौशल्याने नाव काही घेतलं नाही. शेवटी ‘आत्याबाईंचा ल्योक’ असं म्हणायचं ठरलं आणि वाक्य एकदाचं जमलं. आत्याबाईंचा ल्योक अर्जुनरावांच्या गाडीचा सुतार हुता. वकिलांनी ते तिच्याकडून आणखी दोनदा घोकून घेतलं आणि ताकीद दिली की अडचणीचा प्रश्न आला तर ‘ठाऊक नाही’ एवढंच म्हणायचं, पुढे एक अक्षर नाही.

ही चौदावी तारीख होती. दर तारखेला दोघी कुरुळीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या, शिवाजीनगरला उतरायच्या आणि कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून राहायच्या. कधी जज्जसाहेब रजेवर असत, कधी समोरच्या वकिलांना ताप असे, कधी खेडच्या कचेरीतून कागद आलेला नसे. एकदा तर त्यांचे स्वतःचे वकीलच लग्नाला गेले होते. संध्याकाळी कारकून पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून देई आणि कौशल्या ती पदराच्या गाठीला बांधी. वाचता येत नसूनही एसटीत ती गाठ सोडून चिठ्ठी पुन्हा पुन्हा बघत बसे.

चिमाजी कुरुळीचा सुतार. नांगर, कुळव, बैलगाड्या, दाराच्या चौकटी, गावाचं सगळं लाकूडकाम त्याच्याकडे. सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहू लागला तेव्हा तो तिथेही रोजावर जायला लागला. पहाटे चाकणहून अर्जुनराव अडत्यांची मालमोटार कांदा घेऊन पुण्याला निघायची, ती त्याला फाट्यावर उचलायची आणि पिंपरीजवळ कासारवाडीला सोडायची. गाडी वजीर चालवायचा, तो कासारवाडीचाच. त्रेपन्न सालच्या चैत्रात एका पहाटे, मोशीजवळ इंद्रायणीच्या पुलाकडे उतरणाऱ्या वळणावर, हौद्याची डावीकडची फळी तुटली. दोन पोती आणि त्यांच्यावर बसलेला चिमाजी खाली आले. मागचं चाक त्याच्या अंगावरून गेलं.

माणूस एका जागी मेला, पण त्याच्या मरणाची जबाबदारी कुठल्याच जागी टिकेना. वजीरने सांगितलं की गाडी हळू होती, आणि फौजदारी कोर्टाने त्याला सोडलं. अर्जुनरावांनी सांगितलं की माणसं बसवा असं मी कधी म्हटलं नव्हतं. विमा कंपनीने लिहून कळवलं की गाडीवर कामाला असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, पण फुकट बसलेल्याची जोखीम आमच्याकडे नाही. दरम्यान घरात हत्यार धरणारा पुरुष उरला नाही म्हणून गावाने चिंबळीचा सुतार आणला आणि खळ्यावरचं धान्य त्याच्या घरी जायला लागलं. घरात आता सासू, सून आणि दोन लहान पोरी. कौशल्या पूर्वी कांद्याच्या मोसमात अर्जुनरावांच्या अडतीवर निवडायला जायची. दावा लावल्यावर तेही दार बंद झालं. भरपाई मिळाली तर पोरींना घेऊन त्या घरात राहता येईल; नाही मिळाली तर थोरलीला मामाकडे आणि धाकटीला मावशीकडे धाडावं लागेल, हे तिला दावा लावायच्या आधीपासून कळत होतं.

फुकट बसला, हा शब्द कंपनीला मिळाला होता तो तिच्याच तोंडून. तिसऱ्या दिवशी फौजदार दारात आला होता आणि अंगणात उभ्या असलेल्या वजीरला फैलावर घेत होता. भाडं घेऊन माणसं भरतोस काय, परवाना घालवीन तुझा, असं बरंच काही. वजीर दोन रात्री झोपला नव्हता. मान खाली घालून उभा होता. चिमाजीला त्यानेच उचलून त्याच गाडीतून पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. कौशल्याला ते बघवेना. ती दाराआडून म्हणाली होती की वजीरभाई एक पैसाबी घेत न्हवते, भला मानूस हाय, भावासारखा. फौजदाराने ते शब्द कागदावर घेतले आणि खाली तिचा अंगठा घेतला. आज तोच कागद समोरच्या वकिलांच्या हातातलं हुकमाचं पान होता.

सुटकेची वाट सापडली तीही अशीच, बोलता बोलता. आधीच्या एका तारखेला वकील चिमाजीची कमाई लिहून घेत होते. आक्काबाईने बोटांवर मोजत सगळी बलुत्याची घरं सांगितली आणि शेवटी म्हणाली की मोटारीचंबी हुतंच की. फळी मोडली, आडणा निखळला, की गाडी आमच्या दारात हुबी. पोरानं काम करून द्यायचं आन् गाडीत बसून जायचं. वकील खुर्चीतून उठलेच. हे आधी का नाही सांगितलंत म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला.

“त्यात सांगायचं काय?” आक्काबाई म्हणाली. “बलुत्याला कुनी पैसं म्हनतं व्हय?”

तेव्हापासून वाक्याची घोकंपट्टी सुरू झाली होती. फुकट बसलेला माणूस नव्हे, गाडीचा सुतार. कामाच्या मोबदल्यात बसलेला. वकिलांच्या मते सगळा दावा त्या एका वाक्यावर उभा होता.

पुकारा झाला. पिंजऱ्यात चढताना कौशल्याने चपला खाली काढून ठेवल्या. शिपाई हसला. देवाला स्मरून खरं सांगेन म्हणताना तिने खरोखरच डोळे मिटले. पुढच्या बाकावर अर्जुनराव बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. वजीर मागे दाराजवळ उभा होता. त्याला समोरच्या बाजूनेच साक्षीला आणलं होतं.

वाक्य तिने नीट म्हटलं. तिच्या वकिलांनी मान डोलावली आणि ते खाली बसले. मग समोरचे वकील उठले. कंपनीचे आणि अर्जुनरावांचे वकील एकच होते. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. त्यांनी आधी पोरींची चौकशी केली, वय विचारलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की गावात एका सुताराच्या गिऱ्हाइकाचं काम दुसरा सुतार करतो का.

“न्हाई,” कौशल्या म्हणाली. “तशी रीत न्हाई. दुसरा हात लावत न्हाई.”

“म्हणजे अर्जुनरावांच्या गाडीच्या फळ्या तुमच्या यजमानांच्याच हातच्या.”

“व्हय.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

वकिलांनी शिपायाला खूण केली. शिपायाने गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू आणून टेबलावर ठेवली, तिच्या दोरीवर लाखेची मोहोर होती. गोणपाट उलगडल्यावर आत एका फळीचे दोन तुकडे निघाले. मधे तुटलेले, कडेला अजून मोशीची माती.

“ही ती फळी,” वकील म्हणाले. “दुसरा हात लावत नाही म्हणालात. म्हणजे हीही त्यांचीच. आपल्याच कच्च्या कामावर माणूस टेकून बसला आणि पडला. मग त्याची भरपाई माझ्या अशिलांनी का द्यायची?”

तिचे वकील घाईघाईने उठले आणि काहीतरी इंग्रजीत बोलले. जज्जसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं.

कौशल्या फळीकडे बघत होती. तिने विचारलं, “हात लावू का?”

जज्जसाहेबांनी मान हलवली. शिपायाने एक तुकडा उचलून पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला. तुकडा हलका होता. हातात घेताच तिला कळलं. फिकट, भुसभुशीत लाकूड. यंत्रं भरून येतात त्या खोक्याचं. मधोमध काळी गाठ होती आणि फळी त्या गाठीतूनच फुटली होती. काठाला मोळे ठोकले होते, वाकलेले आणि वाकल्यावर तसेच हातोडीने चेपलेले. बारा वर्षं तिने फळीचं दुसरं टोक धरलं होतं. चिमाजी लाकडावर आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायचा, मग कान लावायचा. गाठ दिसली की फळी बाजूला. गाडीच्या हौद्याला तो मोळे मारत नसे, भोकं पाडून बोल्ट घालत असे. उतारावर मोळे सुटतात, हे तो करवत चालवताना लाकडाला समजवावं तसं पुटपुटायचा.

तिने वर बघितलं. तिचे वकील बसल्या जागेवरून डोळ्यांनी सांगत होते: ठाऊक नाही म्हणा.

“ही त्येंच्या हातची न्हाई,” ती म्हणाली.

“खात्री आहे?”

“असलं लाकूड त्येंनी चुलीत घातलं असतं.”

मागे कोणीतरी हसलं. समोरचे वकीलही हसले, पण सावकाश, जेवण झाल्यावर माणूस सैल होतो तसे. मग त्यांनी विचारलं की गाडीचं काम दुसरंही कोणी करत होतं तर तुमचे यजमान गाडीचे सुतार कसे? ते गाडीत बसायचे ते कामाच्या नात्याने नव्हे, तर फुकटच की. फौजदारांना तुम्ही हेच सांगितलं होतं, नाही का? ते उत्तराची वाट न बघता खाली बसले. तिच्या वकिलांनी कपाळ हाताच्या मुठीवर टेकलं.

कौशल्या तशीच उभी राहिली. फळी त्यांची म्हणावी तर ते आपल्या कामाने मेले. नाही म्हणावी तर ते फुकटे. चौदा तारखा ती ज्या दारातून आत शिरायला धडपडत होती ते दार दोन्ही बाजूंनी भिंतच होतं. शिपाई तिला उतरायला खुणावत होता.

“साहेब,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “त्येंनी मरावं तरी कसं, म्हंजी तुमच्या कागदात बसंल?”

जज्जसाहेबांची लेखणी थांबली. मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं की हे लिहून घेऊ नका, आणि पुढचा साक्षीदार बोलवा.

वजीर पिंजऱ्यात आला. अर्जुनरावांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. सगळ्यांना ठाऊक होतं की तो काय सांगणार. फळी चिमाजीनेच बसवली, एवढं एक वाक्य. त्याच्याकडूनही कोणीतरी ते घोकून घेतलंच असणार. खुदाला स्मरून शपथ घेतल्यावर समोरच्या वकिलांनी फळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं की ही कोणी बसवली.

वजीर फळीकडे बघत राहिला. प्रश्न पुन्हा विचारला गेला.

“मी ठोकली,” वजीर म्हणाला.

“नीट आठवून सांगा.”

“नीट आठवतं. आदल्या सांजेला, अडतीवर. जुनी फळी तडकली होती. सुतारानं पंधरा दिवस आधी शेटजींना सांगितलं होतं, बाभळीची फळी आणून द्या, बसवून देतो. शेटजी म्हणाले, बघू. मग गाडी भरायची वेळ आली तेव्हा म्हणाले, खोकं हाय, ठोक तूच.”

अर्जुनराव उठले, बाकाला धक्का लागला, पुन्हा बसले. समोरचे वकील म्हणाले की साक्षीदार फितूर झाला आहे. जज्जसाहेबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, “तो सुतार होता. गाडीत चढताना त्याला अशी फळी दिसली नाही?”

“पहाटेचा अंधार होता, साहेब. फळीला पोती लागलेली.” वजीरने कठडा धरला. “मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तो बसला नसता. त्याचा रोज बुडाला असता. म्हटलं, एक खेप जाईल.”

जज्जसाहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि राहिलेलं काम पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर वकिलांचा चेहरा उजळला होता. पंधरा दिवस आधी फळी मागितली, म्हणजे चिमाजी गाडीचा सुतार होता हे समोरच्यांच्याच साक्षीदाराने सांगितलं. पण एवढ्यावर हुरळून चालणार नाही, असंही ते म्हणाले. कंपनी मुंबईला अपिलात जाईल, तिथे चार वर्षं. अर्जुनरावांनी गाडीच काय, अडतही कधीच मेव्हण्याच्या नावावर केली आहे. हाताशी आहे तो ड्रायव्हर. त्याने भर कोर्टात कबूल केलंय, कासारवाडीत त्याचं दोन खणांचं घर आहे. ते त्याने विकून टाकण्याआधी जप्तीचा अर्ज आजच्या आज दिला पाहिजे. कारकुनाने अर्ज तयारच ठेवला होता. नावाची जागा मोकळी होती, ती त्याने खांबाला कागद टेकवून भरली. मग कौशल्याचा डावा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला.

“थांबा वाईच,” ती म्हणाली आणि अंगठा पातळाला लागू नये म्हणून हात दूर धरून चालू लागली.

वजीर व्हरांड्याच्या टोकाला पायरीवर बसला होता. अर्जुनरावांची माणसं त्याच्याजवळून जाताना थांबली नव्हती. एकजण तेवढा जाता जाता म्हणाला होता की आता गाडीच्या किल्ल्या देऊन जा, राव. त्या किल्ल्या दिल्यावर वजीरने हात तसाच गुडघ्यावर ठेवला होता, मूठ उघडी. कौशल्याला बघून तो उठला.

“दोन वर्सं,” ती म्हणाली. “दोन वर्सं आमी हितं चपला झिजवतुया. पोरी शेजारणीकडं टाकून. म्हातारीला वढत आणून. तुमाला ठावं हुतं.”

“होतं, भाबी.”

“मग का बोलला न्हाई?”

वजीरने बोलायच्या आधी दोनदा ओठ ओले केले.

“फौजदारापुढं सांगणारच होतो. दोन रात्री तेच जुळवत होतो. तोंड उघडलं, आणि आतून तुम्ही बोललात. भला माणूस हाय, भावासारखा.” तो पायरीकडे बघत होता. “त्याच्यानंतर मला सांगता आलं न्हाई.”

कौशल्याला त्याला एक थोबाडीत मारावीशी वाटली. हात तर दूर धरलेलाच होता. तो आणखी काहीतरी म्हणत होता, घराबद्दल, काय करायचं ते करा असं काहीसं. तिने पूर्ण ऐकलं नाही. ती मागे वळली.

खांबाशी कारकून कागद धरून उभा होता. वकील शेजारच्या वकिलांना साक्षीची हकीकत सांगत होते आणि त्यांनी बोलता बोलताच कागदावरची जागा तिला बोटाने दाखवली.

“आज न्हाई,” कौशल्या म्हणाली.

“म्हणजे?”

“आज माजा नेम हाय. कुनाच्या वाइटावर अंगठा द्यायचा न्हाई.”

आक्काबाईने सुनेकडे बघितलं. घरातले सगळे उपासतापास, सगळे वारनेम आक्काबाईला तोंडपाठ होते. तिने बोलायला तोंड उघडलं आणि मग तंबाखूची डबी शोधायला लागली.

“बाई, दावा जिंकायचाय की नेम पाळायचाय?” वकिलांनी चष्मा काढला. “पोरींचा विचार करा. तो उद्या घर विकून मोकळा झाला तर माझ्याकडे यायचं नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“पोरींचाच करत्ये.” तिने अंगठा खांबाच्या चुन्यावर पुसला. शाई निघाली नाही, नुसती पसरली. “मालकांच्या... अर्जुनरावांच्या नावाचा कागद करा. त्याला आत्ता देत्ये अंगठा.”

“त्याचा उपयोग नाही म्हणून तर सांगतोय ना मघापासून!” वकिलांचा आवाज चढला आणि दोघे-चौघे वळून बघायला लागले. त्यांनी स्वतःला आवरलं, अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “बरं. किती दिवसांचा आहे हा नेम तुमचा?”

कौशल्याने व्हरांड्याच्या टोकाकडे बघितलं नाही.

“त्ये आजून ठरलं न्हाई,” ती म्हणाली.